‘इतर’च्या रकान्यातली मालन

६ डिसेंबर, शनिवार

सुदर्शनमुळं हे लिहावं लागतंय.

सुदर्शन म्हणजे माझा मुलगा. वाळूजला कंपनीत आहे. शनिवारी सुट्टी असते आणि त्या दिवशी त्याला घरातलं सगळं दिसतं. आज जेवताना म्हणाला, “आई, येसरचा खप सलग दुसऱ्या वर्षी घसरलाय. एकतीस तारखेपर्यंत मार्केटिंगचा आढावा कागदावर आण. यंदा काय केलं, काय लागू पडलं, पुढच्या वर्षी काय करायचं. नाही जमलं तर मार्चनंतर थांबवू. तुझंही वय झालंय.”

वयाचा मुद्दा अनावश्यक होता, हे मी त्याला तिथंच सांगितलं. बाकीचे बरोबर होते.

मी बी. कॉम. आहे. मार्केटिंगचा पेपर होता, मार्कही चांगले होते. दुपारी टेबलाशी बसले, कोऱ्या कागदावर ‘वार्षिक आढावा’ लिहून खाली रेघ मारली. त्यापुढं काही सुचलं नाही. म्हणून औषधाच्या दुकानातून फुकट आलेली ही डायरी काढली. आधी इथं वाटेल तसं लिहायचं, मग नीट करून कागदावर उतरवायचं.

आमचा धंदा येसरचा. बाजरी किंवा ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, मसाला हे सगळं वेगवेगळं भाजून दळायचं. पाण्यात कालवून फोडणी दिली की झाली आमटी. आमच्याकडं सासरी गेलेल्या मुलीला माहेराहून येसर जातं. आई असेपर्यंत आई पाठवते, त्यानंतर आम्हाला फोन येतो. हे वाक्य जाहिरातीत घ्यावं का? बघू.

धंदा दोघींचा. मी आणि मालन, माझी धाकटी जाऊ. खरेदी, भाजणं, दळणं, हिशेब माझ्याकडं. फोन मालनकडं. बन्सीभाऊजी गेल्यावर ती आमच्यातच राहायची. दीड वर्षापूर्वी प्रांजलीच्या, म्हणजे तिच्या मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली. सहा महिन्यांत येते म्हणाली होती.

याचा मार्केटिंगशी संबंध नाही, पण नोंद असावी.

९ डिसेंबर

यंदा केलेलं मार्केटिंग आठवून काढलं. नवा डबा केला, पिशवी बंद केली. लेबलवर शहराचं नवं नाव छापून घेतलं. मोबाईलवर तयार फॉर्म ठेवला: नाव, पत्ता, किती किलो. त्यामुळं बोलण्यात जाणारा वेळ वाचला. फेसबुकवर जाहिरात दिली. जानेवारीत महिला बचत गटांच्या प्रदर्शनात स्टॉल घेतला.

स्टॉलचं आठवतं तेवढं लिहून ठेवते. एक बाई आली, चिमूटभर येसर जिभेवर ठेवून डोळे मिटून उभी राहिली. मग म्हणाली, “ही चव कुठली हो?” मी म्हटलं, “घटक मागं छापलेत.” तिनं डबा फिरवून वाचला आणि ठेवून दिला. पुढच्या स्टॉलवर जाऊन कुरडया घेतल्या. गिऱ्हाइकांना काय हवं असतं, तेच त्यांना सांगता येत नाही.

सकाळी दोन कप चहा घ्यायची सवय लागली आहे. दुसरा नेहमी गार होतो. कमी केला पाहिजे.

११ डिसेंबर

शिवशंकर आला होता. फेसबुकची जाहिरात यानंच केली होती. मुलगा हुशार आहे, पण खुर्चीत नीट बसत नाही. खिडकीजवळच्या, फोनशेजारच्या खुर्चीवर बसायला लागला. मी दुसरी दिली.

“मॅडम, ॲड तो चली थी. लोकांनी बघितली. पन एकदा घेनारा दुसऱ्यांदा येत नाय. प्रॉब्लेम तिथं हाय.”

“मग काय करायचं?”

“जुन्या कस्टमरला फोन लावा ना. सीधा पूछो, क्यूं छोडा? चव आवडली नाय, महाग वाटलं, पार्सल लेट झालं. चार रकाने करा. चौथा ‘इतर’. महिन्याभरात पिक्चर क्लियर.”

“महिना नाही. एकतीस तारीख.”

“मॅडम, तुम्ही फोनवर पन असंच बोलता का?”

“कसं?”

“काही नाय. लावा फोन.”

१२ डिसेंबर

आज फोन केले. दुकानाच्याच मोबाईलवरून, कारण नंबर सगळ्यांकडं तोच आहे. नोंदी खालीलप्रमाणे.

नाशिकच्या बाई. फोन उचलल्या उचलल्या, “अगं बाई, मालनमावशी! किती दिवसांनी!” मी म्हटलं, मी करुणा बोलतेय, येसर का बंद केलंत? “बंद असं नाही... मावशी बऱ्या आहेत ना?” कारण सांगितलं नाही. ‘इतर’.

हैदराबादची कावेरी. माहेर सिल्लोडचं, आई नाही. म्हणाली, “फॉर्म आला तुमचा. पण त्यात माहेर कुठलं, ते विचारलंच नाही. मावशी पहिल्यांदा तेच विचारायच्या. सिल्लोडचं म्हटलं की धने वाढवून पाठवायच्या.” धने वाढवल्याची मला कल्पना नव्हती. तक्रार चवीची धरावी की फॉर्मची, कळेना. ‘इतर’.

ठाण्याच्या एक. “अहो, खरं सांगू? मागचा डबा अजून संपला नाही. मी तर निम्म्या वेळा नुसती बोलायला फोन करायचे. मग उगीच कसं ठेवायचं म्हणून किलोभर सांगायचे.” हे कारण होऊ शकत नाही. ‘इतर’.

पुण्याच्या एक, मालनच्याच भागात राहणाऱ्या. त्यांच्या मुलाचं नाव मालननं सुचवलेलं, हे मला आज कळलं. “मावशी रागावल्यात का आमच्यावर?” मी म्हटलं, मावशी पुण्यातच आहेत. “पुण्यात? आणि आम्हाला माहीत नाही?” त्यांनी माझ्याकडं मालनचा नंबर मागितला. मी दिला नाही. व्यवसायाच्या दृष्टीनं ते योग्य नव्हतं.

असे दिवसभर. घसा बसला.

१३ डिसेंबर, शनिवार

चव: दोन-तीन. दर: थोडे. उशीर: जवळजवळ नाहीच. ‘इतर’चा रकाना पान संपून मागच्या बाजूला गेला.

शिवशंकरनं बघून डोकं खाजवलं. “मॅडम, हे एवढं ‘इतर’ म्हणजे नेमकं काय?”

“संमिश्र कारणं आहेत.”

“सबमें मालनमावशी लिखा है.”

“म्हणून तर वर्गवारी नीट व्हायला हवी. ‘इतर-अ’ आणि ‘इतर-ब’ कर.”

त्यानं पेन उचललं. मग म्हणाला, “ओके मॅडम,” आणि केलं.

मागच्या खोलीत कामाला असलेली सरूबाई भाजत होती. खमंग वास पार गेटपर्यंत गेला होता. तिनं चाळणी खिडकीजवळच्या खुर्चीवर ठेवलेली दिसली. ती खाली ठेवायला सांगितली. “बसतं कोण तिथं आता?” म्हणाली. जागच्या वस्तू जागी असाव्यात, एवढंच मी म्हटलं.

१५ डिसेंबर

पुढच्या वर्षाचं पहिलं उद्दिष्ट ठरलं: फोनवर बोलणारी व्यक्ती नेमणे. कॉलनीच्या ग्रुपवर टाकण्यासाठी मजकूर केला.

‘येसर व्यवसायासाठी बाई हवी. वय पन्नासच्या पुढं चालेल. मराठवाड्यातली असावी, शक्यतो कन्नड तालुक्याकडची. शिक्षण दहावीपर्यंत पुरे. हिंदी मोडकी असली तरी चालेल, पण बोलताना लाजू नये. नावं लक्षात ठेवणारी. हसरी. फोनवर बोलताना हातानं काहीतरी निवडत बसण्याची सवय असल्यास प्राधान्य. राहण्याची सोय आहे.’

आमचे हे हातातला पेपर बाजूला ठेवून मजकूर वाचत होते. म्हणाले, “एवढं लिहिण्यापेक्षा नाव लिही ना.”

“कुणाचं?”

“बरं,” म्हणाले आणि पुन्हा पेपर उचलला. ह्यांना व्यवसायातलं कळत नाही. अख्खं आयुष्य जिल्हा परिषदेत काढलं.

१७ डिसेंबर

मुलाखती झाल्या.

पहिली सोनिया. शिकलेली, बोलणं स्वच्छ, मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही येतं. खोटा फोन लावून बघितला. पलीकडून मी गिऱ्हाईक झाले. “नमस्कार, येसर उद्योगामध्ये आपलं स्वागत आहे, मी आपली काय मदत करू शकते?” चुकीचं काहीच नव्हतं. नापास.

दुसरी सिल्लोडची, मक्याच्या व्यापाऱ्याच्या घरातली. हुशार. पण हसते, ते समोरच्याचं बोलणं पूर्ण व्हायच्या आत. नापास.

तिसरीनं चहा बशीत ओतला आणि फुंकर घालून प्यायली. क्षणभर वाटलं, जमेल. मग तिनं मला “काकू” म्हटलं आणि ते बरोबर वाटलं नाही. कारण लिहिलं: अनुभव कमी.

सरूबाई दारात उभी राहून ऐकत होती. त्या गेल्यावर म्हणाली, “ताई, तुमाला कामाला बाई पायजे का सून बघायलाव?”

“तू भाज. धने करपतील.”

“धने कवाच काढले. तुमचंच लक्ष नाय.”

१९ डिसेंबर

दुकानाच्या फोनवर मालनचा फोन आला. एरवी ती सणाला ह्यांच्या फोनवर करते.

“ताई, म्या येतेय. प्रांजलीला नाताळची सुट्टी हाय, तर दोन दिस पिशोरला भावाकडं जाते. हुरडा लागलाय म्हने रानात. येताना तुमच्याकडं ऱ्हाते. चालंल ना?”

“तुझंच घर आहे.”

“व्हय, पन इचारलं. काय करता?”

“वर्षअखेरचा आढावा चाललाय.”

“आगं माय. कुनाचा?”

“मार्केटिंगचा.”

ती खूप हसली. का, ते सांगितलं नाही. नातू रडायला लागला म्हणून ठेवला. पुढं बोलण्यासारखंही काही नव्हतं.

संध्याकाळी मालनच्या खोलीतल्या गाद्या गच्चीवर टाकल्या. पडदे धुतले. वर्षअखेरीला हे करावंच लागतं.

२२ डिसेंबर

आराखडा तयार झाला. पानं बरीच झाली. मुद्दा चार मुख्य आहे: ‘दूरध्वनी विभाग स्वतंत्र करणे व त्यास पूर्णवेळ प्रमुख नेमणे. प्रमुखाची निवासव्यवस्था उद्योगाच्या जागेतच असावी.’ नाव लिहिलं नाही. आराखड्यात नावं नसतात.

मालन भागीदार आहे, तिची सही लागेल. ती आल्यावर तिच्यापुढं ठेवायचा. तिनं मुद्दा चार वाचला की तिच्या लक्षात येईल. ती हुशार आहे. म्हणेल, “हे मीच करते की.” मग पुढचं सोपं आहे. पुण्याचं सामान आणायला सुदर्शनची गाडी पुरेल.

तिनं तसं म्हटलं नाही तर काय, याचा विचार केला नाही. आराखड्यात पर्यायी व्यवस्था असायला हवी, हे मला शिकवलेलं आहे. पण सुचत नाही.

२५ डिसेंबर

मालन दुपारी आली. हुरड्याची पिशवी, बोरं आणि भावजयीनं दिलेल्या शेंगा असा पसारा दारातच मांडून बसली. बारीक झाली आहे. अंगात स्वेटर, पुण्याचा. सरूबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. दोघी रडल्या आणि लगेच हसल्या. मी चहा ठेवला.

“ताई, तुमी वाळलाय.”

“मी आहे तशीच आहे. तूच बारीक झालीस.”

“नातू पळवतो ना मला. सोळावा मजला, लिफ्ट बंद पडली की मरन. गॅलरीत उभं ऱ्हायलं तर खालचं मानूस ज्वारीच्या दान्यायेवढं दिसतं. बोलावं कुनाशी?”

चहा झाल्यावर मी आराखडा काढला. समोर बसून वाचून दाखवला, कारण तिचा चष्मा पिशोरला राहिला होता. ती शेंगा फोडत ऐकत होती. ‘इतर’च्या रकान्याशी आले, तशी शेंग हातातच राहिली.

“ह्ये इतर म्हंजी काय वं?”

“किरकोळ कारणं.”

“नावं वाचा बरं.”

मी नावं वाचली. एकेका नावाला ती थांबवायची. “कावेरी! तिच्या पोरीचं जमलं का?” “ठान्याची का? तिच्या सासऱ्याचा मोतीबिंदू काढायचा होता, काढला का?” मी प्रत्येक वेळी म्हटलं, विचारलं नाही. शेवटी ती म्हणाली, “मंग फोन कशाला लावला हुता, ताई?” आणि इतकी हसली की तिला ठसका लागला.

मुद्दा चार वाचला. मी पुन्हा वाचला.

“कोन प्रमुख?” ती म्हणाली.

“योग्य व्यक्ती.”

“ह्यात मी कुठं हाय?”

“मुद्दा चारमध्ये.”

“नाव नाय माझं.”

“आराखड्यात नावं नसतात.”

तिनं टरफलं पदरात गोळा केली. खाली बघतच म्हणाली, “ताई, येक इचारू? म्या माघारी यावं असं वाटतं का तुमाला?”

“धंद्याला गरज आहे. आकडे समोर आहेत.”

“धंद्याचं नाय इचारलं म्या.”

गॅसवर दूध होतं. ते बघायला आत गेले. दूध तापायला अजून वेळ होता, पण उभी राहिले. बाहेर आले तोवर प्रांजलीचा व्हिडिओ कॉल आला होता आणि मालन फोनमध्ये तोंड घालून ‘माझं बाळ गं, माझं बाळ’ करत होती.

माणूस प्रश्न विचारतं तेव्हा उत्तरासाठी थांबायला हवं. ती थांबली नाही, असं मला वाटतं. की थांबली होती?

२६ डिसेंबर

सकाळी ती माझ्याआधी उठून अंगण झाडत होती. मी झाडू काढून घेतला. ओट्यावर बसलो दोघी.

तीच म्हणाली, “ताई, राग मानू नगा. मला नाय येता यायचं. प्रांजलीची नोकरी, जावयाची शिफ्ट. पोरगं माझ्याबिगर झोपत नाय. आनखी चार-पाच वर्सं तरी.”

“मग चार-पाच वर्षांनी.”

“तवा तुमी आन् मी काय भाजनार? आपलीच भाजनी व्हईल.”

मी हसले नाही. तीही हसता हसता थांबली. म्हणाली, “तिकडं कुनाचाबी फोन वाजला की मला आपला वाटतो. उठते, आन् मंग ध्यानात येतं.”

फोन आत वाजायला लागला. आम्ही दोघी एकदमच उठलो. ती खुर्चीशी आधी पोचली. खुर्चीत बसली, पाय वर घेतले, सूप ओढून हुरडा पाखडायला लागली आणि फोन खांदा नि कानात धरला. “कोन? नाशिक? आगं, म्या मालनच बोलतेय! व्हय, हाय की जित्ती!”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. बरंच बोलणं झालं. आंब्याचं लोणचं कुणाचं बिघडलं, कुणाची सून पुन्हा कामाला लागली. मध्ये मला करण्यासारखं काही नव्हतं. दारात उभं राहण्याचं कारण मी अजून शोधते आहे. फोन ठेवला तेव्हा ऑर्डर झाली होती, ती मी आराखड्याच्या मागच्या बाजूला टिपून घेतली.

मग मी तिला म्हटलं, “फोन घेऊन जा.”

“कुठं?”

“पुण्याला. हाच. सिमसकट. नंबर सगळ्यांकडं आहे. तुझ्या गॅलरीत बसून बोल. ऑर्डरी मला सांग, मी भरून पाठवीन.”

तिला पटायला वेळ लागला. “आन् हितं?”

“इथं कशाला हवा? मला बोलता येत नाही फोनवर. शिवशंकरलाही कळलंय.”

“घर सुनं लागंल वं, ताई. फोन वाजायचा न्हाय.”

“शांतता चांगलीच असते,” मी म्हटलं.

संध्याकाळी आराखडा पुन्हा लिहिला. मुद्दा चार बदलला: ‘दूरध्वनी विभाग पुणे येथे हलविणे. प्रमुख: मालन.’ नाव लिहिलं. फॉर्ममध्ये पहिला प्रश्न ‘माहेर कुठलं’ हा घातला. बाकीची पानं काढून टाकली. सुदर्शनला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला, “आई, बस एवढंच?” मी म्हटलं, एवढंच. म्हणाला, चालेल, मार्चमध्ये बघू. मग म्हणाला, “काकू राहतात का?” मी म्हटलं, नाही.

२७ डिसेंबर, शनिवार

पुण्याची बस सकाळची होती. सुदर्शननं स्टँडवर सोडलं. गर्दी होती, सुट्टीची. मालनला खिडकी मिळाली.

कामाची पद्धत ठरवायची राहिली होती, ती खिडकीतूनच ठरली. ती म्हणाली, “व्हाट्सॅपवर टाकीत जाईन ऑर्डरी. नात्यातल्या पोरीनं शिकवलंय मला.”

“नको. लिहिण्यात चुका होतात. फोनच करायचा. सकाळी, चहाच्या वेळेला.”

“रोज?”

“रोज.”

“ऐतवारी बी?”

“हो.”

“ऐतवारी कुठं ऑर्डरी असत्यात, ताई?”

“नसल्या तर नाहीत म्हणून सांगायचं. पण सांगायचं.”

मग खिडकीच्या गजातून हात काढून तिनं माझं मनगट धरलं. कंडक्टर ओरडेपर्यंत सोडलं नाही. मीही सोडवून घेतलं नाही, कारण फोन अजून माझ्याच हातात होता.

नोंद: येसर उद्योगाचा मोबाईल फोन, सिम व चार्जरसह, चालू स्थितीत, गिऱ्हाइकांच्या सर्व नावांसकट, आज सकाळी मध्यवर्ती बसस्थानकावर दिला. देणार: करुणा. घेणार: मालन. अट एकच, रोज सकाळी फोन. रविवार धरून.